शालेय साथीतील श्वसनमार्गीय विषाणूंचा प्रसार : निःश्वास या हेतूचा पुनर्विचार

सन २००९ मधील स्वाईन फ्लू आणि सन २०२० पासूनचा कोविड अशा दोन महासाथी आपल्या पिढीच्या वैद्यांनी चिकित्सालयात बसून पाहिल्या. दोन्ही वेळी शासनाने पहिल्या काही निर्णयांतच शाळा बंद केल्या, आणि दोन्ही वेळी शाळा उघडताना पालकांनी जो प्रश्न विचारला तो आपल्यापुढेच येऊन पडला, 'मुलाला पाठवू का?' या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्यापैकी बहुतेकांनी व्याधिक्षमत्व, काढे, च्यवनप्राश व धूपन यांविषयी भरभरून सांगितले. वर्गात रोग एका मुलापासून दुसऱ्याकडे नेमका कोणत्या वाटेने जातो, याविषयी मात्र फारसे सांगितले नाही. वस्तुतः निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे आणि हेतू नीट कळल्याखेरीज परिवर्जन कशाचे करावयाचे हे ठरत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच हेतूचा विचार मांडत आहोत.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात, कुष्ठनिदानाच्या अखेरीस, एकापासून दुसऱ्यास होणाऱ्या रोगांचे मार्ग सांगितले आहेत. निकट सहवास, गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन, सहशय्या, सहासन, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपने वापरणे ही ती यादी होय. या मार्गांनी संक्रमित होणाऱ्या रोगांत ज्वराचा स्पष्ट उल्लेख आहे. पदवी परीक्षेसाठी हा श्लोक आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. परंतु ही यादी शाळेसमोर ठेवून वाचली तर तिचा प्रत्येक शब्द जिवंत होतो. मधल्या सुट्टीतील एकत्र डबा म्हणजे सहभोजन, एका बाकावर तिघे म्हणजे सहासन, वसतिगृह म्हणजे सहशय्या, मित्राचा रुमाल म्हणजे वस्त्र. आणि पाच-सहा तास एकाच खोलीतील हवा साठ मुलांनी आत घेणे व बाहेर सोडणे म्हणजे निःश्वास.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, अग्निवेशाची शंका अशी आहे की, प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असलेल्या माणसांना एकाच वेळी एकच व्याधी कसा होतो? त्यावर आत्रेयांचे उत्तर असे की माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना सामाईक असतात, आणि ते बिघडले की सर्वांना एकदम बाधा होते. विकृत वायूची जी लक्षणे तेथे दिली आहेत, त्यांतील दोन लक्षणांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एक 'अतिस्तिमित', म्हणजे साचलेली, न हलणारी हवा. दुसरे, धुराने उपहत झालेली हवा. या दोन शब्दांकडे आपण पुढे परत येऊ.

संहिताकारांना विषाणू दिसत होता असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसा दावा करणारे लेख आपल्याकडे पुरेसे झाले आहेत. मार्गांची यादी त्यांनी निरीक्षणाने केली. त्या यादीतील कोणता मार्ग शाळेत सर्वांत प्रबळ ठरतो, हे मात्र अलीकडच्या साथींच्या तपासातून दिसून आले.

सन २००९ : बाक नव्हे, वर्ग

एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागातल्या एका मोठ्या माध्यमिक विद्यालयात स्वाईन फ्लूचा उद्रेक झाला. काही विद्यार्थी सुट्टीत मेक्सिकोला जाऊन आले होते. थोड्याच दिवसांत आजारी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. तपासात असे आढळले की संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ बहुतेकांत दीड दिवसाच्या आसपास होता, आणि एका रुग्णापासून पुढील रुग्ण होण्यामधील अंतर तीन दिवसांहूनही कमी होते. व्यवहारात याचा अर्थ असा की, सोमवारी एक मूल तापाने घरी राहिले तर गुरुवारपर्यंत दुसरी फळी आजारी पडते आणि रविवारी तिसरी. आपल्याकडे एकाच शाळेतील दुसरे मूल तपासणीस येते तेव्हा तिसरी फळी बहुधा तयार झालेली असते.

त्याच काळात पेनसिल्व्हानिया राज्यातील एका प्राथमिक शाळेतील साथीचा तपास झाला. त्यातील एक भाग आम्हास फार उद्बोधक वाटतो. तपास करणाऱ्यांनी वर्गातील बसण्याचे तक्तेही मिळवले होते. अपेक्षा अशी की आजारी मुलाच्या शेजारी बसणारे मूल आधी पडेल. तसे झाले नाही. शेजारी बसल्याने धोका लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. एका वर्गात असणे हेच महत्त्वाचे ठरले. शिवाय मुलगे मुलग्यांना व मुली मुलींना आजार देण्याचे प्रमाण परस्परांना देण्याच्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. म्हणजे रोग बाकाच्या रांगेने न जाता एकीकडे वर्गाच्या सामाईक हवेने आणि दुसरीकडे मैत्रीच्या धाग्याने गेला. खेळ, कुजबुज, एकत्र डबा, घरी जाण्याची वाट ही सर्व मैत्रीची अंगे होत. सुश्रुतोक्त 'निकट सहवास' येथे बसतो. 'सहासन' मात्र आपण समजतो तितके बलवान दिसत नाही.

महाराष्ट्रात त्या वर्षी जून-जुलै महिन्यांत पाचगणी येथील एका निवासी शाळेत मोठा उद्रेक झाला व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचा तपास केला. निवासी शाळेत वर्ग, भोजनगृह व शयनगृह तिन्ही एकत्र येत असल्याने निःश्वास, सहभोजन व सहशय्या यांचा भेद करणेही कठीण. ऑगस्टच्या आरंभी पुण्यातील चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. या साथीतील तो भारतातील पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्यातील शाळा बंद झाल्या, मास्क व कापूर यांसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, हे अनेक औषधविक्रेत्या वाचकांच्या स्मरणात असेल.

त्या साथीत मुले अधिक का पडली याचे कारणही लक्षात ठेवावे. सन १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या शरीरात त्या विषाणूशी साम्य असलेल्या जुन्या विषाणूंविरुद्धचे काही बल शिल्लक होते. मुलांत ते नव्हते. बालवय कफप्रधान म्हणून प्रतिश्याय-कास अधिक, हे खरेच. पण महासाथीत कोणते वय अधिक बाधित होईल हे पूर्वीच्या सहवासानेही ठरते. कोविडमध्ये चित्र उलटे होते. मृत्यू वृद्धांत अधिक झाले आणि मुलांत आजार बहुधा सौम्य राहिला. यामुळे 'मुले पसरवीत नाहीत' असाही एक समज पसरला. तो टिकला नाही.

सन २०२०-२१ : तीन शाळा

फ्रान्समधील क्रेपी-आँ-व्हालवा या गावातील एका उच्च माध्यमिक शाळेत, फेब्रुवारी २०२० च्या सुट्टीपूर्वी, म्हणजे मास्क व अंतर यांचा विचारही नसताना, कोविड शिरला. पुढे केलेल्या रक्ततपासणीत सुमारे ३८ टक्के विद्यार्थी, ४३ टक्के शिक्षक व ५९ टक्के अन्य कर्मचारी बाधित होऊन गेल्याचे दिसले. त्यांच्या पालकांत हे प्रमाण अवघे ११ टक्के होते. त्याच गावातील प्राथमिक शाळांतील मुलांत ते सुमारे ९ टक्के होते. मूळ विषाणू मोठ्या मुलांत अधिक व लहान मुलांत कमी पसरत होता. पुढील उपप्रकारांत हा भेद बराच पुसट झाला.

दुसरी शाळा जेरुसलेममधील. मे २०२० मध्ये शाळा पुन्हा उघडल्या. लगेच उष्णतेची लाट आली, मुलांना मास्कमधून काही दिवस सूट देण्यात आली आणि खिडक्या बंद करून वातानुकूलन सतत चालू ठेवले गेले. वर्गात ३५ ते ३८ मुले. दहा-बारा दिवसांत १५३ विद्यार्थी व २५ कर्मचारी बाधित आढळले. 'अतिस्तिमित' वायूचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हास ठाऊक नाही. वातानुकूलन यंत्र तीच हवा थंड करून फिरवते. ती हलते खरी, पण बदलत नाही.

तिसरी शाळा कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातील प्राथमिक शाळा, मे २०२१. लस न घेतलेल्या एका शिक्षकास लक्षणे सुरू झाली होती, तरी दोन दिवस अध्यापन चालू राहिले. मोठ्याने वाचून दाखवताना मास्क काढला जात असे. चोवीस मुलांच्या वर्गात बारा मुले बाधित झाली. पुढील दोन रांगांतील दहांपैकी आठ, आणि मागील तीन रांगांतील चौदांपैकी चार. येथे दारे-खिडक्या उघड्या होत्या, मुलांना मास्क होते, बाकांत सहा फुटांचे अंतर होते.

पेनसिल्व्हानियात शेजारी बसणे महत्त्वाचे ठरले नाही आणि येथे पुढची रांग घातक ठरली, यात विरोध दिसतो. विषाणूही दोहोंत भिन्न होते, हे खरे. तथापि आमच्या मते दोन्ही प्रकार निःश्वासाचेच आहेत. मोठ्याने बोलणारा मनुष्य सूक्ष्म कण अधिक प्रमाणात व एका दिशेने सोडतो, म्हणून त्याच्यासमोरील जवळची हवा दाट दूषित होते. गप्प बसलेल्या मुलाचे कण खोलीत हळूहळू मिसळतात व सर्वांच्या वाट्याला थोडेथोडे येतात. पहिल्यावर अंतर व मास्क यांचा उपाय लागू पडतो, दुसऱ्यावर वायुवीजनाचा. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. मराठी शाळेत पाढे, कविता व प्रार्थना एका सुरात मोठ्याने म्हणण्याची चांगली प्रथा आहे. साथीच्या दिवसांत ती मैदानात व्हावी, एवढेच सुचवावेसे वाटते.

हवेचा हिशेब

उच्छ्वासातील हवेत सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत चाळीस हजार भाग, कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरील मोकळ्या हवेत तो दहा लाखांत साधारण ४२० भाग आहे. वर्गातील मोजमाप २,००० निघाले तर जास्तीचे सुमारे १,६०० भाग मुलांच्या उच्छ्वासातून आलेले असतात. चाळीस हजारांशी त्याचे गुणोत्तर ४ टक्के येते. म्हणजे प्रत्येक मूल जे पंचवीस श्वास घेते त्यांतील एका श्वासाइतकी हवा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. हेच मोजमाप १,२०० च्या आसपास आणले तर ते प्रमाण पन्नासात एक इतके खाली येते. हे मोजणारे लहान यंत्र आता बाजारात सहज मिळते. ज्या शाळेशी आपला वैद्य म्हणून संबंध आहे तेथे एखादा दिवस ते ठेवून पाहावे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात दुसऱ्या तासाअखेर जो कोंदट वास येतो, तो याच हिशेबाचा इंद्रियगम्य पुरावा होय.

ही कल्पना नवी नाही. सन १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेत गोवराचे एक मूल आले. त्याच्यापासून पहिल्या फळीत २८ मुले बाधित झाली व ती चौदा निरनिराळ्या वर्गांत बसणारी होती. त्या इमारतीत हवा यंत्राने पुन्हापुन्हा फिरवली जात असे. ज्या मुलांनी मूळ रुग्णाला पाहिलेही नव्हते ती केवळ सामाईक हवेने आजारी पडली.

आपल्या प्रदेशात कालाचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. झड आत येते म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावल्या जातात, ओले रेनकोट वर्गातच वाळत असतात. शाळेच्या रिक्षात आठ-दहा मुले आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे. अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात वेगवेगळ्या वर्गांतील मुले एकाच हवेत बसतात. शाळेने वर्गवार कितीही काटेकोर विभागणी केली तरी रिक्षा ती मोडते. फ्लूचा आपल्याकडील मोठा जोर पावसाळ्यात असतो, तो केवळ वर्षाऋतूतील अग्निमांद्य व दोषप्रकोप यांमुळे आहे असे म्हणून भागणार नाही. मुले एकत्र कोंडली जाण्याचा कालही तोच आहे.

शाळा बंद करण्याविषयी थोडक्यात. इंग्लंडमध्ये सन २००९ ची साथ जुलैअखेरच्या सुट्टीने ओसरली व सप्टेंबरात शाळा उघडताच पुन्हा वाढली. फ्रान्समधील अनेक वर्षांच्या फ्लूच्या नोंदींवरून सुट्टीत मुलांमधील संक्रमण २० ते २९ टक्क्यांनी घटते असा अंदाज निघाला. म्हणजे उपाय गुणकारी आहे, पण मर्यादित. आणि सन २०२० ते २०२२ या काळात महाराष्ट्रातील मुलांनी त्याची जी किंमत मोजली ती आपण घरोघरी पाहिली. म्हणूनच शाळा चालू ठेवून प्रसार कमी करणाऱ्या उपायांना महत्त्व येते.

आपल्या चिकित्सालयात व दुकानात

यांतील सर्वांत सोपा व सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे आजारी मूल घरी ठेवणे. 'सकाळी औषध दिले, ताप उतरला, आज चाचणी आहे, पाठवू का डॉक्टर?' हा प्रश्न प्रत्येक वैद्याने ऐकलेला आहे. ज्वरघ्न औषधाने उतरलेला ताप हा ज्वरमोक्ष नव्हे. फ्लूचे मूल लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस, कधी अधिक, विषाणू सोडत असते. औषध न देता ताप चोवीस तास आला नाही आणि मूल खाऊ-खेळू लागले तरच पाठवावे, असे स्पष्ट व लेखी सांगावे. पूर्ण हजेरीचे पारितोषिक देणाऱ्या शाळांना ते साथीपुरते स्थगित ठेवण्याची विनंती आपण वैद्य या नात्याने अवश्य करावी. ज्वरात लंघन, उष्णोदक, लघू आहार व विश्रांती सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायाने तापातून उठलेल्या मुलाला दप्तर देऊन धाडणे हे शास्त्रविरुद्ध आहेच.

दुसरा विषय धूपनाचा, आणि तो आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. धूपनास काश्यपसंहितेत स्वतंत्र धूपकल्प अध्याय आहे, सुश्रुतांनी व्रणिताच्या निवासात ते सांगितले आहे. त्याविषयी आम्हास आदर आहे. परंतु कोविडकाळात काही ठिकाणी मुले वर्गात बसलेली असताना, खिडक्या लावून, गुग्गुळ-कडुनिंबाचा धूर केला गेला. यात वायूचे दोन्ही दोष एकत्र येतात, हवा स्तिमितही आणि धूमोपहतही. तमक श्वासाच्या मुलांना याने वेग येतो. करावयाचेच असेल तर शाळा सुटल्यावर, रिकाम्या खोलीत करावे आणि सकाळी मुले येण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून खोली पूर्ण मोकळी करावी. उघड्या खिडकीची जागा धूपन घेऊ शकत नाही.

तिसरा विषय सुवर्णप्राशनाचा. पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्या चिकित्सालयांत व शाळांच्या सभागृहांत शंभर-दोनशे मुले एका वेळी जमतात. निरनिराळ्या शाळांतील, निरनिराळ्या वर्गांतील मुले, त्यांतील काही खोकणारी, एका खोलीत तासभर थांबतात. प्रसाराच्या दृष्टीने हे शाळेहूनही अधिक अनुकूल संमेलन आहे. व्याधिक्षमत्वासाठी केलेल्या उपक्रमातून व्याधी वाटला जाऊ नये. साथ चालू असता वेळ वाटून द्यावी, अंगणात किंवा ओटीवर बसवावे, सज्वर व सकास बालकास त्या दिवशी परत पाठवावे, आणि थेंब देताना नळी मुलाच्या ओठास लागू देऊ नये, लागल्यास बदलावी. उत्पन्नाच्या दृष्टीने हा दिवस महत्त्वाचा असतो याची आम्हास पूर्ण जाणीव आहे.

नस्याबाबतही तेच. सात वर्षांखालील बालकास नस्य निषिद्ध असले तरी प्रतिमर्श नस्य जन्मापासून चालते, असे वाग्भटाचार्य सांगतात. परंतु एकाच कुपीतील अणुतैल घरातील तिन्ही भावंडांच्या नाकात एकाच नळीने घालणे म्हणजे सहभोजनाहून निकट मार्ग होय. विक्रेत्यांनी प्रत्येक मुलास स्वतंत्र लहान कुपी घेण्यास सांगावे. नवप्रतिश्यायात नस्य टाळावे हे आहेच. वाफ घेताना उकळते पातेले मुलासमोर ठेवू नये. अशा प्रकाराने मुले भाजतात.

हात धुणे, रुमाल व डबा यांचे नियम टाकाऊ ठरत नाहीत; फ्लूमध्ये हातांवाटेही काही प्रमाणात प्रसार होतो आणि अतिसारासारखे इतर रोग तर हातांनीच जातात. फक्त बाक पुसण्यात तास घालवून खिडकी बंद ठेवणे, हा क्रम उलटा आहे.

औषधालयांच्या मालकांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. सन २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरे यांचा क्वाथ सुचवला तो सर्वसाधारण बलवर्धनासाठी. 'हा घेतल्यास शाळेत संसर्ग होणार नाही' असा फलक दुकानात लावणे शास्त्रानेही चूक आणि कायद्यानेही अडचणीचे. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा सर्वांस ठाऊक आहेच, आणि एप्रिल २०२० मध्ये मंत्रालयानेच अशा दाव्यांवर नियंत्रण ठेवण्यास राज्यांना कळवले होते. लहान मुलांत मिऱ्या-सुंठीचा अतिरेक झाल्याने दाह, मुखपाक व नासागत रक्तस्राव यांच्या तक्रारी आमच्याकडे त्या काळात आल्या. मात्रा वयानुसार व ऋतू पाहूनच सांगावी. फ्लूसदृश तापात मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये. यकृत व मेंदू यांना बाधणारी दुर्मिळ पण घोर अवस्था त्याने उद्भवू शकते.

दुसरे असे की, साथीची पहिली चाहूल बहुधा औषधविक्रेत्यालाच लागते. दोन दिवसांत एकाच शाळेतील पाच-सहा मुलांचे पालक ताप-खोकल्याचे औषध नेऊ लागले तर तो आकडा वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानात उमटलेला असतो. मुलाचे नाव लिहिण्याची गरज नाही. तारीख, शाळा, इयत्ता व तुकडी, प्रवासाची रिक्षा किंवा बस, एवढे चार रकाने साध्या वहीत पुरेत. एका तुकडीत किंवा एका रिक्षात तीन मुले दिसली की मुख्याध्यापकांना व प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा पालिकेच्या आरोग्य विभागास त्याच दिवशी कळवावे. पुढील फळी तीन दिवसांत येते, हे वर पाहिलेच आहे.

वहीत नोंद करताना पालकास इतके अवश्य विचारावे : श्वास जलद चालतो का, बरगड्यांखाली खड्डा पडतो का, ओठ निळसर दिसतात का, मूल सुस्त आहे किंवा पाणी पीत नाही का, उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी खोकल्यासह पुन्हा चढला का? यांतील एकाचेही उत्तर होय असल्यास औषध बांधून न देता ते मूल तत्काळ रुग्णालयात पाठवावे. फ्लूवरील विषाणुरोधी औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक उपयोगी पडते, तेव्हा दमा, हृद्रोग किंवा मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत ही लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये.